जिपेची वाटणी

इंजिन सुरू झालं आणि धोंडूच्या तोंडावरचं हसू गेलं.

वास्तविक हसायचाच दिवस होता. दोन वर्षं ही जीप चुरींच्या खळ्यात उघडी पडली होती आणि दोन वर्षं धोंडूची मयुरा तिच्या पोटाखाली. चिकूचे करंडे रवाना झाले की ही बया पाना घेऊन आडवी. जेवायला बसायची ती काळ्या नखांनी. गंज खरवडला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, वायरिंग ओढलं, शेवटी मिलिटरीचा तो मळकट हिरवा रंग मारला. नरपडचे लोक म्हणायचे, धोंडूची पोरगी तिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही आणि भंगाराला पावडर लावत बसलीय. आज दसरा. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर झेंडूची माळ. गोदूबाईने नारळ वाढवून पाणी टायरांवर शिंपडलं. पंच्याहत्तर वर्षांचा धोंडू धुतलेला सदरा घालून स्वतः स्टिअरिंगवर बसला. तलासरी नाक्यावरचा वेल्डिंगवाला सुनिल, ज्याने या कामात मयुराला साथ दिली, तो बाजूने म्हणाला, "मारा, काका." धोंडूने स्टार्टर दाबला.

इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. तीन ठोके सरळ, चौथा चुकार. पुन्हा तीन सरळ, चौथा चुकार.

हा ठोका धोंडूने तेरा वर्षं रोज पहाटे अंथरुणात पडून ऐकला होता. कुंपणाच्या पलीकडून. उशी कानावर दाबूनसुद्धा ऐकू यायचा.

"मयुरा," तो म्हणाला, "हे इंजिन कुठून आणलंस म्हणालीस?"

"भिवंडीहून. भंगारवाल्याकडून."

"माझ्याकडे बघून सांग."

मयुरा सुनिलकडे बघायला लागली. सुनिल लिंबांकडे.

ओट्यावर चहाची बशी हातात धरून धोंडूची धाकटी बहीण जिजा बसली होती. उधव्याहून सकाळीच आली होती, टमटम बदलत बदलत. मयुराला आरटीओच्या कागदावर तिची सही हवी होती, एवढंच तिला माहीत. इंजिनाचा आवाज झाला तशी तिची बशी कलंडली आणि डावा पाय आपोआप पुढे सरकून ओट्याच्या सारवलेल्या जमिनीवर दाबला गेला. तो पाय क्लच शोधत होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. या घरात जिजाच्या पायाकडे बघतो कोण?

बरोबर त्याच वेळी शेराच्या कुंपणापलीकडे धोंडूचा भाऊ भिका पंपाच्या खोलीत उभा होता. हातात हळदकुंकवाचं तबक, आणि समोर निळं प्लास्टिकचं पिंप.

दर दसऱ्याला तो ही खोली उघडायचा, गोणपाट उचलायचा, खालच्या इंजिनाला ऑइलचा बोळा फिरवायचा आणि माळ घालायचा. आज गोणपाट उचललं तर पिंप. रिकामं. त्याने पिंपावर थाप मारून पाहिली. तेवढ्यात पलीकडून ठोके आले. तीन सरळ, चौथा चुकार.

"भावेश!" तो असा ओरडला की चिकूवरचे कावळे उडाले.

आता जीप ती केवढी आणि तिची वाटणी कशी होते, असं कोणालाही वाटेल. चुरींना विचारा. बापाने, म्हणजे चिमणतात्यांनी, ही जीप देवळालीच्या लष्करी लिलावात घेतली होती. सत्त्याण्णव साली तात्या गेले आणि भावांनी वाडी वाटली. विहिरीचं पाणी वाटलं, कुंपणावरचं फणसाचं झाड वाटलं, फांद्यांसकट. उरली जीप. तेव्हा जिजा म्हणाली होती, "मला वाडी नको, घर नको. हक्कसोडावर कुठे म्हणाल तिथे सही करते. जीप तेवढी मला द्या." तात्यांनी तिला सतराव्या वर्षी ओहोटीच्या वाळूवर जीप शिकवली होती. भावांपेक्षा तीच बरी चालवायची, हे गावाला माहीत होतं. दोघे भाऊ माजघरात गेले, दार लावलं, पाव तासाने बाहेर आले. सांगाडा धोंडूचा, इंजिन भिकाचं. जिजाला साडी. दुसऱ्याच दिवशी आंब्याच्या फांदीला साखळी बांधून इंजिन उपसलं. भिकाने ते विहिरीवर बसवून रॉकेलवर पंप ओढला, विजेची मोटर येईपर्यंत. धोंडूने सांगाड्यावर ताडपत्री टाकली. फणसाच्या एका फांदीवरून पुढे जे वाजलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. एकाचं इंजिन चालत नाही आणि एकाची जीप, पण हेका दोघांचा चालू.

भिका कुंपणाशी आला तर शेराची सात-आठ झाडं मुळापासून तोडलेली. वर सुक्या फांद्या लावून भगदाड झाकलेलं. त्याने त्या फांद्या लाथेने उडवल्या आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा भावाच्या खळ्यात पाय ठेवला. तबक अजून हातातच होतं. मागून त्याचा मुलगा भावेश धावत आला, "पप्पा, ऐका तरी, पप्पा" करत.

धोंडूने इंजिन बंद केलं.

"सुनिल!" भिका गरजला, कारण भावाशी बोलायचं नाही ही शपथ. "विचार त्याला, स्वतःच्या पोरीला चोऱ्या करायला शिकवताना लाज नाही वाटली?"

"सुनिल," धोंडू सीटवरूनच म्हणाला, "सांग त्याला, रॉकेल पिऊन भाजलेलं त्याचं इंजिन फुकट दिलं असतं तरी मी बांधावर ठेवलं नसतं."

"मला कशाला मधे घेता," सुनिल म्हणाला. "मी वेल्डिंगवाला माणूस."

"मी दिलं," भावेश म्हणाला. "चोरी नाही. मोतीबिंदूला तुम्ही वलसाडला होतात ना आठ दिवस, तेव्हा मी आणि मयुराताईने हलवलं. मी सांगणार होतो. दसऱ्याच्या आधी सांगणारच होतो."

"आठ महिने झाले त्याला!"

"रोज सांगणार होतो, पप्पा."

भिकाने तबक बॉनेटवर आदळलं. हळद नव्या रंगावर सांडली. मयुरा पुढे झाली आणि पदराने नाही, ओढणीने नाही, सरळ तळहाताने ती हळद पुसायला लागली. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

"तुला माहीत होतं?" धोंडूने बायकोला विचारलं.

"हो," गोदूबाई म्हणाली.

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही दोघं बोलत नाही त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मी आठ महिने नाही बोलले तर एवढं काय आभाळ कोसळलं?"

 धोंडू स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. त्याला झोंबलं होतं ते इंजिन नव्हतं. आवाज आला त्या पहिल्या क्षणाला त्याला आनंद झाला होता, अगदी पोटातून, आणि मग कळलं होतं की तो आनंद भिकाच्या खोलीतून आलाय. पोरीने आपल्याला भर खळ्यात बावळट ठरवलं. त्याने मूठ आपटली.

"उतरव ते इंजिन. आत्ताच्या आत्ता. साखळी आण, सुनिल."

"बरोबर बोलतोय तो," भिका म्हणाला. "उतरवा. माझ्या खोलीत नेऊन ठेवा."

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. भिकाच्याही ध्यानात आलं की आपण काय बोललो. पण बाण सुटला होता, आणि धोंडूने भावाकडे बघून मान डोलावली.

"इंजिन टांगायला तीन बांबू लागतील," धोंडू म्हणाला.

"माझ्याकडे आहेत," भिका म्हणाला. "भावेश, घेऊन ये जा."

"वा रे वा!" मयुरा आता फुटलीच. "दसऱ्याच्या दिवशी हत्याराची पूजा करायची आणि वर त्याचा कोथळा काढायचा? कोणी हात तर लावून बघा. दोन वर्षं माझी कंबर मोडली इथे. झडपा घासायला सुनिलदादा रोज दुकान बंद करून यायचा. तुम्ही दोघांनी काय केलं? एकाने ताडपत्री टाकली, एकाने गोणपाट!"

"जीप कुणाची आहे?" धोंडूने विचारलं.

"तात्यांची!" मयुरा ओरडली. "अजून त्यांच्याच नावावर आहे. तुमच्या वाटणीच्या कागदात जिपेचा उल्लेखच नाही. म्हणून तर आत्याला बोलावलं. तीन वारसांच्या सह्या लागतात. सह्या करा आणि संपवा एकदाचं." तिने ओट्यावरची प्लास्टिकची फाइल उघडली. "काका, नाव मी बाबांचं घातलंय. तुम्हाला चालेल ना?"

"त्याचं नाव? माझ्या इंजिनावर?" भिकाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "चालेल? अगं, फाडून टाकीन तो कागद!"

"मला बघू," जिजा म्हणाली.

ती ओट्यावरून उठली होती. बशी खाली ठेवून, चष्मा लावून, एक एक पायरी उतरून खाली आली. एकोणसत्तर वर्षांची, सुकलेल्या अंगाची बाई. आवाज मात्र चाळीस पोरांच्या वर्गावर पोसलेला. मयुराने फॉर्म तिच्या हातात दिला. जिजाने तो सावकाश वाचला. इतका सावकाश की भिकासुद्धा थांबला.

"माझी सही कुठे?"

"ही इथे खाली, आत्या. 'माझी काही हरकत नाही' लिहिलंय, त्याच्यापुढे."

"हरकत नाही," जिजा म्हणाली. "कोणी भरला हा?"

"मी."

"दोन वर्षं राबलीस तू. आणि नाव बापाचं?"

"बाबा आहेत ना अजून. म्हणून मला वाटलं..."

"म्हणून! मी पण हेच म्हटलं होतं गं बये. भाऊ आहेत ना, म्हणून. तुझ्या वयाच्या पुढे गेले होते तरी म्हटलं होतं. डोकं असून गहाण टाकायची रीतच आहे आपल्या घरात."

"जिजे, तू मधे पडू नको," धोंडू म्हणाला. "चहा घे."

"चहा झालाय माझा." ती वळली. "दादा, भिकूदादा, दोघेही ऐका, आणि सुनिलच्या कानातून नको, सरळ ऐका. विहिरीवरून भांडलात. फणसावरून भांडलात. तात्यांच्या दहाव्याला पिंड कोणी द्यायचा यावरून भटजींसमोर भांडलात. जन्मात तुमचं एकमत एकदाच झालं. माजघरात, दार लावून. जिजाला जीप द्यायची नाही! तुम्हाला दोघांना ती नकोच होती. दादा, तुला चालवताच येत नव्हती नीट. भिकूदादा, तुला पंप हवा होता, तो डहाणूच्या बाजारात मिळत होता. पण बहिणीला अख्खी जायला नको, म्हणून फोडलीत. आणि आज दुसऱ्यांदा एकमत झालं, तेही तिला फोडायलाच. बांबू आणतायत!"

"बाईमाणसाला जीप कशाला हवी होती?" धोंडू उसळला. "शोभलं असतं?"

"शाळेत जायला हवी होती!" जिजाचा आवाज फाटला. "तलासरी नाक्यावरून उधव्यापर्यंत सतरा वर्षं दुधाच्या टेम्पोत उभी राहून गेले मी. कॅनच्या कडीला धरून, साडी खोचून, पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन. पोरं मला दूधबाई म्हणायची. सुनिल, म्हणायचात की नाही?"

सुनिलने मान खाली घातली. "म्हणायचो, बाई."

"आणि इथे माझी जीप ताडपत्रीखाली कुजत होती. माझी म्हणते मी. वाडीचा माझा तिसरा हिस्सा सोडला होता तिच्यासाठी. तो घेतलात ना? ढेकर देऊन घेतलात!"

भिकाने घसा साफ केला. "अगं, तू तेव्हा बोलली असतीस तर..."

"बोलले होते! माजघराच्या दाराला कान लावून उभी होते, दोनदा कडी वाजवली. वहिनीला विचार."

"वाजवली होती," गोदूबाई म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून ऐकली."

जिजाने पर्स उघडली, आतून एक कार्ड काढलं आणि धोंडूच्या नाकासमोर धरलं. लायसन. "दर वेळी मुदत संपली की नवं करून घेतलंय. दारात सायकल नसताना. क्लार्क हसायचा, बाई, गाडी कुठली? मी सांगायचे, माहेरी आहे." तिने ते पर्समध्ये टाकलं. "उतर, दादा."

"काय?"

"खाली उतर."

धोंडू उतरला. का उतरला ते त्याचं त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. कदाचित वर्गात बाईंनी उठ म्हटल्यावर उठतात तसा. जिजाने पदर कमरेला खोचला, दांडा धरून वर चढली आणि बसली. डाव्या पायाला क्लच सापडला, या वेळी खरा.  

"ब्रेक?" तिने विचारलं.

"ओके आहेत, बाई," सुनिल म्हणाला. "पण पासिंग नाही, विमा नाही..."

"दंड झाला तर तुझ्या नावाने पावती फाडायला सांगेन. मला दूधबाई म्हणालास त्याचा."

धोंडूला आता भान आलं. तो जाऊन बॉनेटसमोर उभा राहिला, हात पसरून. भिकाही त्याच्या शेजारी. खांद्याला खांदा लावून उभे होते दोघे. भावेशने मोबाईल काढला होता, तो मयुराने त्याच्या हातून खाली केला.

"बाजूला व्हा," जिजा म्हणाली.

"नाही होणार," धोंडू म्हणाला. "काय करशील?"

"अंगावर घालशील?" भिका म्हणाला.

जिजाने स्टार्टर दाबला. दोनदा खोकून इंजिन लागलं. तिने गिअर टाकला, आणि चारही लिंबं फटाफट फुटली. दोघे भाऊ एकाच दिशेला उडी मारून नारळाच्या सोडणांच्या ढिगात पडले, एकाच्या अंगावर दुसरा. जीप खळ्यातून वळली, माळेची फुलं आणि हळदीचं तबक सांडत फाटकाशी गेली आणि थांबली.

"मयुरा! सह्या झाल्या की फोन कर. नाव कोणाचं घालायचं ते आता मी शिकवणार नाही."

फाटकाबाहेरच्या वळणावर तिने हॉर्न दिला. मग घोलवडच्या रस्त्याला ठोका लांब लांब गेला, तीन सरळ, चौथा चुकार.

सोडणं झटकत भिका आधी उठला. त्याने भावाला हात दिला नाही.

"तुझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. सुनिलला नव्हे, धोंडूला.

"माझ्यामुळे? माजघरात आधी कोण म्हणालं, दोन तुकडे करू?"

"मी म्हणालो. पण मान कोणी डोलावली? मोठा होतास ना तू? मोठ्याने नको म्हणायचं असतं!"

"आता मला मोठेपण शिकवतो! तेव्हा कुठे गेलं होतं?"

"बस!" मयुराने फाइल जीप उभी होती त्या मोकळ्या जागेत, तेलाच्या डागांच्या मधोमध आपटली. मग उचलून ओट्यावर मांडली. फाइलमध्ये दुसरा, कोरा फॉर्म होता. ती खाली बसली आणि मालकाच्या रकान्यात तिने नाव लिहिलं. तिचं अक्षर वाकडं आलं. "हे घ्या. करायची तर करा, नाही तर आत्या आहे आणि आरटीओ आहे. मी हात धुतले."

दोघा भावांनी हात मागे बांधले. गोदूबाई खळ्यात वाकून पडलेलं हळदीचं तबक गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भिकाभावजी करायचे नाहीत. त्यांची छाती नाही. हे करतील एक वेळ."

"हा करेल?" भिका म्हणाला. "हा? बहिणीला वाटीभर चिकू द्यायचा नाही हा!" त्याने मयुराच्या हातून पेन हिसकावलं आणि वाकून सही ठोकली, कागद फाटेल इतकी दाबून. "ही घे. केली. आता याला म्हणावं, कर बघू. बघतोच मी!"

"आण इकडे," धोंडू म्हणाला. "तुझ्यापुढे कमी पडेन की काय?" त्याने पूर्ण नाव लिहिलं, धोंडू चिमण चुरी, खाली दोन रेघा मारल्या आणि पेन फेकून दिलं. "झालं समाधान?"

दुपारच्या पुरणाला कोणी हात लावला नव्हता तेव्हा मयुराने फोन लावला. जिजाने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर होती, तलासरीला. मयुराने फोन स्पीकरवर टाकला. दोन्ही म्हातारे ओट्याच्या दोन टोकांना बसून दुसरीकडे बघत ऐकत होते.

"आत्या, झाल्या दोन्ही सह्या."

"नाव?"

"तुमचं."



"जिजे," धोंडूने फोनकडे तोंड केलं. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता आण जीप परत. लोक विचारतायत."

"परत?" जिजा म्हणाली. "माझी झाली ना ती? मग तुमच्या खळ्यात कशाला आणू?"

भिका हसला. मग त्याला इंजिन आठवलं आणि तो हसायचा थांबला.

"मयुरा, ऐकतेस?"

"हो, आत्या."

"माझ्या सहीला ये उद्या उधव्याला. पाना-बिना घेऊन ये, एका सिलिंडरचं काहीतरी आहे, ते आपण दोघी बघू. आणि येताना बापाला विचारू नकोस."